सेवेसाठी परदेशी गेलात तेव्हा विश्वास कुठे भेटला? (थोडं मोठं आहे)

माळवद

जय ख्रिस्त मंडळी, आणि बाकी सगळ्यांना नमस्कार.

मागच्या रविवारी पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. विषय होता आमच्या मंडळीची २०१७ची नेपाळची सेवासफर. पाच मिनिटं होती. गाडी कोणती, सीमा कुठे ओलांडली, किती दिवस राहिलो, एवढं सांगून मी खाली बसलो. खरं सांगायचं होतं ते घशातच राहिलं. आठवडाभर ते टोचतंय, म्हणून इथे लिहितोय.

मी उमरगा तालुक्यातला. ३० सप्टेंबर १९९३ला नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गाव गणपती बोळवून झोपलं होतं. आम्ही ख्रिस्ती घरातली पोरंही मिरवणुकीत लेझमापुढे नाचून आलो होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना कळेल. दगडमातीच्या दोन-तीन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर दोन दोन फूट पांढरी माती. त्याला आम्ही माळवद म्हणतो. उन्हाळ्यात आत असं गार की पंखा नको. आणि पडलं की आतल्या माणसाला हात हलवायला जागा राहत नाही. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. मला शेजाऱ्यांनी खांद्याला धरून ओढून काढलं. आजी आतच राहिली.

माझे मामा गवंडी. त्या पहाटे त्यांच्या दोन्ही मुली गेल्या. ज्या भिंतीखाली गेल्या ती मामांनी स्वतः बांधलेली होती.

नंतर इंजिनिअर आले, गवंड्यांना शिकवू लागले. आपल्या भिंती का पडल्या ते मामांना तिथे पहिल्यांदा कळलं. बाहेरून दगडाची एक रांग, आतून एक रांग, मध्ये मुरूम आणि चिपा भरलेल्या. दोन्ही रांगांना एकमेकींशी बांधणारा आरपार दगडच नाही. धक्का बसला की भिंत पुस्तकासारखी उघडते. मामा ते शिकले, पुढं शेकडो घरांवर काम केलं. पण त्या दिवसापासून ते छताखाली झोपले नाहीत. पुनर्वसनाचं घर मिळालं तरी बाज अंगणात. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, तीन बाजू उघड्या. देवळात (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात) शेवटच्या बाकावर, दाराशी. कधी मोठ्यानं प्रार्थना केली नाही. कुणी आग्रहही केला नाही.

२५ एप्रिल २०१५ला नेपाळ हादरलं. त्यांच्या घड्याळात दुपारचे ११ वाजून ५६ मिनिटं. मामांनी टीव्हीसमोर बसून तेवढंच म्हटलं, "तितंबी छप्पनच."

सफर ठरायला दीड वर्ष गेलं, कारण आमच्याकडेच दुष्काळ होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो एप्रिल २०१६ सगळ्यांना आठवत असेल. त्या वर्षी मात्र पाऊस मनासारखा झाला. तूर इतकी आली की भाव पडला. तरी कापणीच्या सणाला बायाबापड्यांनी पाट्या भरभरून तूर आणि ज्वारी वेदीपुढे ओतली. लिलाव झाला आणि त्या पैशातून आम्ही आठ जण फेब्रुवारीत निघालो. दोन गवंडी (त्यातले एक मामा), एक सुतार, मी डिप्लोमावाला साइट सुपरवायझर, स्त्रीमंडळाच्या दोघी, पाळकसाहेब आणि एक निवृत्त शिक्षक.

उरलेलं रात्री लिहितो. तोवर तुमच्यापैकी कुणी गेलं असेल तर लिहा.

बेथेलची लेक

वाचतेय. मी जालन्याची. आमच्या भागातून धर्मसेवेसाठी परदेशी जाणं नवं नाही हो. जालन्याजवळचं बेथेल वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जाऊन बोलले होते. १८४३चा त्यांचा बाप्तिस्मा. निजामाच्या राज्यात, सालारजंग दिवाण असताना, त्यांनी बेथेलसाठी जमीन मिळवली. लहानपणी आजोबा हे सगळं विहिरीच्या काठावर बसून सांगायचे. तेव्हा मला वाटायचं, आपण देणारे लोक आहोत. तुमचा पुढचा भाग येऊ द्या.

गोदाकाठ

मी गंगाखेडचा, वारकरी घरातला. धागा उघडला तो थोडा राग मनात धरूनच, ते लपवत नाही. भूकंपात होरपळलेल्या गरिबांकडे मदत घेऊन जायचं आणि सोबत धर्म न्यायचा, हे मला पटत नाही. तुमच्या मामांचं वाचून मात्र थांबलो. तुम्ही तिथे प्रचार केलात का? सरळ उत्तर द्या, मग पुढं वाचतो.

माळवद

गोदाकाठ, सरळ विचारलंत, बरं केलंत.

नाही केला. नेपाळच्या २०१५च्या संविधानात दुसऱ्याचं धर्मांतर करणं दंडनीय ठरवलंय, कलम २६. आणि नुसता कायदा आड आला म्हणून नव्हे. आमच्यातल्या एकानं बॅगेत धर्मप्रचाराच्या पत्रिका आणल्या होत्या. तिथल्या पाळकांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, कपाळाला लावल्या आणि परत बॅगेत ठेवल्या. मोडक्या हिंदीत म्हणाले, "आप चले जायेंगे, केस हम पर होगा." २०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यात चरिकोटला भूकंपग्रस्त मुलांना येशूच्या गोष्टीची चित्रपुस्तिका दिली म्हणून आठ जणांवर खटला चालला होता. डिसेंबरात ते निर्दोष सुटले. पण तोवरचे महिने त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी कसे काढले असतील? आमच्या त्या भावानं पत्रिका पुन्हा बाहेर काढल्या नाहीत. जायच्या आधीच आम्हाला हे माहीत असायला हवं होतं. ती चूक आमची.

आम्ही दगड उचलायला गेलो होतो आणि तेच केलं. आता पुढचं.

पुण्याहून गोरखपूर, तिथून सुनौलीची कमान पायी ओलांडून भैरहवा, मग नारायणगढ, मुग्लिंग करत गोरखा. पाट्या सगळ्या देवनागरीत. वाचता सगळं येतं, कळतं अर्धं. भूकंपाला ते भुइँचालो म्हणतात. मामांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला. भुई चालली. आमच्या आजीनं असंच सांगितलं असतं.

एक भीती मनात होती. २०१५च्या सप्टेंबरपासून चार-पाच महिने सीमेवर मालवाहतूक अडली होती. गॅस नाही, औषधं नाहीत, तेही भूकंपानंतरच्या थंडीत. त्याचा राग भारतावर होता. मुग्लिंगला चहाच्या टपरीवर एकानं तोंडावर ऐकवलंही. आम्ही ऐकून घेतलं. काय बोलणार?

गाव डोंगराच्या कडेवर. दोन वर्षं होत आली तरी बहुतेक घरं पत्र्याच्या अर्ध्या नळकांड्यासारख्या निवाऱ्यात. सरकार घरामागे तीन लाख नेपाळी रुपये हप्त्यानं देत होतं. पहिला हप्ता पन्नास हजार. ज्यांच्या घरावर आम्ही काम करणार होतो ते म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना बाजे म्हणायचे, म्हणजे आजोबा. त्यांनी आम्ही यायच्या आधीच भावकीला घेऊन भिंत तीन फूट वर आणली होती. लख्ख रचलेला दगड, कोपरे धारदार.

मामांनी भिंतीला फेरी मारली. मग वाकून एका जागी हात लावला, दुसऱ्या जागी लावला. माझ्याकडे बघून म्हणाले, "आरपार दगड नाही रे. एकबी नाही."

"मग?"

"उतरवावं लागंल."

हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? परके लोक, त्यातून भारतीय, कालच आलेले, आणि म्हाताऱ्याची महिन्याची मेहनत पाडा म्हणायचं. पाळकसाहेब गप्प. दुभाष्या पोरगा गप्प. शेवटी मामा स्वतः बाजेंपुढे उकिडवे बसले. जमिनीवर दोन बारके दगड शेजारी शेजारी उभे केले, मध्ये चिमूटभर माती भरली आणि बोटानं टिचकी मारली. दोन्ही दोन्हीकडे पडले. मग पुन्हा उभे केले, वर एक लांब चपटा दगड आडवा ठेवला, टिचकी मारली. हलले, पण पडले नाहीत. मग मामांनी दोन बोटं वर केली, नंतर तळहात जमिनीपासून हातभर उंचीवर धरला, आणि आपल्या छातीला लावला. दोन मुली. एवढ्या एवढ्या.

बाजे बराच वेळ त्या तळहाताकडे बघत राहिले. त्यांची नात भूकंपाच्या त्या शनिवारी घरात होती. शनिवार हा तिथला सुट्टीचा दिवस, उपासनाही शनिवारीच. बाजे देवळात होते. नात तापानं घरी झोपली होती. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि वरचा पहिला दगड स्वतःच्या हातानं काढून खाली ठेवला.

मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलेलं सगळं त्या एका दगडापुढे मला थिटं वाटलं. पाळकसाहेबांनी टोपी काढली.

सिस्टरताई

माळवद भाऊ, मी नर्स. अंबाजोगाईकडची, आता निवृत्त. तुमचं वाचून हात थरथरला म्हणून सकाळी लिहितेय.

मी २०१२ साली तीन आठवडे नेपाळला गेले होते, ललितपूरच्या आनंदबन रुग्णालयात. कुष्ठरोगाचं रुग्णालय आहे, १९५७ साली सुरू झालेलं, काठमांडूच्या दक्षिणेला झाडीत. आता औषधानं हा रोग बरा होतो, १९८२पासून बहुविध औषधोपचार आहेत. पण आधीच मेलेल्या नसा परत येत नाहीत. तळवा सुन्न असतो. खडा टोचला, निखारा लागला, कळत नाही. मग जखम होते, हाडापर्यंत जाते. माझं काम ड्रेसिंगचं. रोज पंधरा-वीस पाय.

मी प्रत्येक पायापुढे बसताना मनात प्रार्थना करायचे. खरं सांगते, त्या प्रार्थनेत थोडा अभिमान होता. मी इतक्या लांब आले, मी हे करतेय, असा.

एक आजोबा होते. कपाळावर टिळा, डोक्यावर ढाका टोपी, हाताची बोटं आखडून अर्धी झालेली. ते ख्रिस्ती नव्हते. वॉर्डात सकाळचा चहा वाटायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. चहा स्टीलच्या ग्लासात. त्यांना चटका कळत नाही, म्हणून तिथे रुग्णांना शिकवतात की गरम भांडं कापडानंच धरायचं, वाफ डोळ्यांनी बघायची. ते स्वतःसाठी फडकं वापरायचे. पण माझ्यापर्यंत आले की स्वतःच्या हातातलं फडकं सोडवायचे, माझ्या ग्लासाला दोन वेढे द्यायचे आणि मग पुढे करायचे. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, बाबा, फडकं तुमच्या हाताला गुंडाळा, तुम्हाला फोड येईल.

ते म्हणाले, "मलाई पोल्दैन, तपाईंलाई पोल्छ."

मला नेपाळी येत नाही. पण पोळतं हा शब्द आपलाच आहे ना. मला पोळत नाही, तुम्हाला पोळतं.

त्यांच्या तळहाताला त्या दिवशी फोड आला होता. मी त्याचं ड्रेसिंग केलं आणि मला मनातली प्रार्थना सुचेना. नुसती बसून राहिले. पुढचे दिवस मी प्रार्थना न करताच पाय हातात घ्यायचे आणि मला ते चुकीचं वाटलं नाही.

पाळकबाई

सिस्टरताई, हे आमच्या स्त्रीमंडळात वाचून दाखवू का? नाव गाव काही सांगणार नाही.

सिस्टरताई

जरूर दाखवा बाई.

गोदाकाठ

उत्तर पोचलं, माळवद. राग गेला. पूर्ण शंका गेली असं म्हणणार नाही, कारण मी उलटीही उदाहरणं पाहिलीत. पण तुमच्याबद्दल नाही.

सिस्टरताईंच्या आजोबांवरून आमच्या पैठणच्या नाथांची गोष्ट आठवली. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघाली होती. इतक्या लांबून वाहून आणलेलं ते पाणी नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात शंभर वेळा ऐकली. नाथषष्ठीला दरवर्षी जातो. पण कावडीतलं पाणी म्हणजे काय, ते आज त्या फडक्यावरून समजलं.

नवी पालवी

सगळ्यांचं चांगलं चाललंय त्यात माझं थोडं वेगळं आहे. मी छत्रपती संभाजीनगरची, चोवीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी एका गटाबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात गेले होते. गटाचं आणि देशाचं नाव घेत नाही. तिथे रोज मुलांच्या वसतिगृहात आम्हाला फोटो काढायला लावायचे. मुलांनी हात जोडायचे, आम्ही त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा. चौथ्या दिवशी एका सात-आठ वर्षांच्या मुलीनं हात जोडायला नकार दिला. तोंड भिंतीकडे करून उभी राहिली. आमच्या प्रमुखांनी तिला समजावलं, मग दटावलं. ती वळली नाही.

मी कॅमेरा ठेवला आणि तिच्या शेजारी तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. काही वेळानं तिनं माझं बोट धरलं. परत आल्यावर मला खूप बोलणी बसली. वर्षभर मी देवळात गेले नाही. आता जाते. पण डोळे मिटले की मला ती भिंतच दिसते, आणि बोट धरलेलं जाणवतं. याला विश्वास म्हणायचं की नाही ते मला ठरवता आलेलं नाही.

पाळकबाई

बाळा, तू भिंतीकडे वळलीस तेव्हा ती एकटी राहिली नाही. बोलणी बसली ती चुकीची होती. आमच्याकडे कधीही ये.

माळवद

नवी पालवी, तुझं वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. आमच्याही सफरीत फोटो काढले गेले, मंडळीला हिशोब द्यायचा म्हणून. कुणाचा चेहरा घ्यायचा हे विचारून काढले का? सगळे नाही. पुढच्या वेळी हे आधी ठरवू.

आता शेवटचा भाग लिहितो.

भिंत उतरवली आणि बारा दिवसांत पुन्हा वर नेली. या वेळी आरपार दगड घालत. जिथे जिथे तो दगड बसला तिथे मामा गेरूनं लाल ठिपका द्यायचे, म्हणजे नंतर कुणालाही मोजता यावेत. खिडकीच्या खाली एक आणि दारा-खिडकीच्या डोक्यावर एक असा लाकडी पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवला, कोपऱ्यात सांधे पक्के केले. आमचा सुतार आणि त्यांचा सुतार दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नव्हतं, पण खाच कुठे मारायची यावर त्यांचा एकदाही वाद झाला नाही. छपराला पत्रा. माती नाही, स्लेट नाही. वजन कमी.

मधल्या शनिवारी उपासनेला बसलो. चपला बाहेर, खाली चटईवर, बाया एकीकडे पुरुष एकीकडे, मादल (त्यांचा ढोल) वाजतोय. दारात प्रत्येक जण हात जोडून "जयमसीह" म्हणतो. त्यांनी आम्हाला भजन म्हणायला सांगितलं. तेही भजनच म्हणतात. आम्ही ना. वा. टिळकांचा एक अभंग धरला. दुसऱ्या कडव्याला मादलवाल्यानं ठेका पकडला, आणि मला क्षणभर आमच्या गावचं जुनं देऊळ दिसलं, पडायच्या आधीचं. एका बाईनं प्रार्थनेत शाळेचं नाव घेतलं. दुभाष्यानं सांगितलं, शनिवार होता म्हणून शाळा रिकामी होती, गावची पोरं वाचली, त्याचे ती आभार मानतेय. त्याच शनिवारी खालच्या खोऱ्यात एका देवळाचं छप्पर उपासनेला बसलेल्यांवर आलं होतं, आणि त्यात तिचा भाऊ गेला होता. तिनं दोन्ही गोष्टी एकाच प्रार्थनेत सांगितल्या. एकीनं दुसरी खोडली नाही. मी मामांकडे पाहिलं. ते नेहमीसारखे दाराशी होते.

आम्ही निघायच्या आदल्या दिवशी पत्रा ठोकून झाला. संध्याकाळी घराची प्रार्थना झाली, ढिंडो आणि साग जेवलो. बाजे म्हणाले, नव्या घरात पहिली रात्र पाहुण्यांनी झोपायचं. सगळ्यांनी मामांकडे बोट दाखवलं, कारण भिंत त्यांची. त्यांना काय माहीत? मी दुभाष्याला घाईनं सांगायला लागलो, की यांना चालत नाही, ते बाहेरच झोपतात. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. जुन्या निवाऱ्याच्या पत्र्यावर असा आवाज की बोललेलं ऐकू येईना.

मामा उठले. कंदील घेऊन नव्या घरात गेले. मी मागोमाग दारात. त्यांनी डावा हात भिंतीवर ठेवला आणि फिरायला लागले. एक एक लाल ठिपका. ठिपक्यावर आले की थांबायचे, तळहातानं दाबायचे, पुढं जायचे. चारी भिंती. मग दाराच्या वरच्या पट्ट्याला हात पुरतो का पाहिलं. कोपऱ्यात खांद्यानं रेटा दिला, पूर्ण अंगानं. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"चटई आण. आज हितंच पडतो."

मी चटई टाकली. ते भिंतीला पाठ लावून आडवे झाले. चोवीसावं वर्ष चालू होतं. गारा थांबल्या, पाऊस लागला, तोही थांबला. मला झोप लागली नाही. मी त्यांचा श्वास ऐकत होतो, तो कधी जड झाला ते मला कळलं.

सकाळी उठून त्यांनी चहा मागितला. त्या रात्रीबद्दल ते आजवर एक शब्द बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

साक्षेत मला हेच सांगायचं होतं.

बेथेलची लेक

मी ऑफिसात वाचलं. डबा तसाच राहिला.

गोदाकाठ

माळवद, एक विचारू? तो विश्वास देवावर होता की दगडावर? खोचक म्हणून विचारत नाही.

माळवद

खूप दिवस मीही हे दोन वेगळे करून बघत होतो. जमलं नाही. बाजेंनी पहिला दगड काढला तेव्हा त्यांनी कुणावर भरवसा टाकला, मामांवर, त्या दोन बोटांवर की वरच्यावर? मामांनी पाठ टेकली ती बाजेंच्या भिंतीला, स्वतःच्या कामाला की त्याला? मला एवढंच माहीत आहे की टेकली.

पाळकबाई

आमच्याकडे विश्वासी म्हणतात, श्रद्धावान म्हणत नाहीत. लहानपणापासून हा शब्द तोंडात आहे. यजमान म्हणतात की मूळ इब्रीत आमेन या शब्दाच्या धातूचा अर्थच पक्कं असणं, भार सहन करणं असा आहे. दर रविवारी किती वेळा म्हणतो आपण. मामांना माझा जय ख्रिस्त सांगा.

वीटकाम

मी लोहारा तालुक्यातला. जुन्या पडक्या घराचा दगड ढिगानं पडलाय, शेतात खोली बांधायची आहे, सिमेंट परवडत नाही. भाऊ, ते आरपार दगड किती अंतरावर घालायचे ते मामांना विचारून सांगाल का? आमच्याकडचा गवंडी म्हणतो काही गरज नाही.

माळवद

आत्ताच फोन लावला. मामांचं उत्तर जसंच्या तसं: "भिंत दीड फुटाच्या वर रुंद करू नगं. दर दोन फूट उंचीला एक ओळ आरपार दगडाची. त्या ओळीत दोन दगडांमधी चार फुटाच्या वर अंतर नगं. कोपऱ्यात लांब दगड, एकाआड एक. माती नीट मळून घे, खडे काढ. आणि त्या गवंड्याला म्हणावं, मीबी असंच म्हणत हुतो." भारतीय मानकातही हेच माप आहे, ६०० मिलिमीटर उंची आणि १.२ मीटर अंतर. जोत्यावर, खिडकीखाली, दारावर आणि छपराखाली सलग पट्टा द्या, लाकडाचा चालेल. लांब दगड मिळत नसेल तर त्या जागी टिकाऊ लाकडाचा तुकडा आरपार घालता येतो. माळवद करू नका, पत्रा घाला. अडलात तर इथे लिहा, मी येऊन बघेन. मामाही येतील.

वीटकाम

आभारी आहे. गेरू आणून ठेवतो.

सिस्टरताई

भाऊ, मामा आता घरात झोपतात का?

माळवद

सत्तरी आली त्यांची. उन्हाळ्यात अंगणातच, बाजेवर. पावसाळ्यात आता आत येतात. दाराजवळ, दार उघडं ठेवून.